मन्मथअप्पांचा सरळ हात

येरमाळ्याच्या फाट्यावर रोज सकाळी एक म्हातारा उभा असतो. पांढरं धोतर, कपाळावर विभूतीचे पट्टे आणि उजवा हात खांद्यापासून सरळ पुढं. कोपर वाकत नाही, मनगट हलत नाही. हातात काठोकाठ भरलेला पितळी तांब्या, आणि त्यातला थेंब सांडत नाही. पापणीसुद्धा लवत नाही बाबाची!

आता तुम्हीच सांगा, हायवेच्या कडेला माणूस हात पुढं करून उभा आहे म्हटल्यावर नवीन ड्रायव्हर काय समजणार? तो करकचून ब्रेक मारतो. मागची जीप त्याच्या मागं ब्रेक मारते. जीपच्या मागं उसाचा ट्रॅक्टर असला तर मग विचारूच नका. कंडक्टर दार उघडून ओरडतो, "चला, चढा लवकर! कुठं जायचं?" आणि हा गृहस्थ हात तसाच ठेवून थंडपणे म्हणतो, "मला कुठं जायचं न्हाय. पाणी घेता का?"

त्यावर ड्रायव्हर जे बोलतो ते इथं लिहिता येत नाही.

मी इथल्या बसस्टँडवर कंट्रोलर आहे. आडनाव वाघमारे. ज्याला गाडीची वेळ विचारायची नसते तो माणूससुद्धा माझ्या खिडकीशी येऊन काहीतरी सुनावून जातो, त्यामुळं या तक्रारीही माझ्याकडंच. "साहेब, तुमच्या त्या अप्पाला आवरा. एक दिवस मागचा ट्रक येऊन बसंल आमच्या डोक्यावर!" तुमच्या अप्पाला म्हणे! जसं काही मीच त्यांना पाळण्यात घातलंय. पण खोटं कशाला बोला, गावात त्यांच्याशी रोज बोलणारा आता मीच उरलोय.

मन्मथअप्पांचं भुसाराचं दुकान आहे. तूर, हरभरा, ज्वारी, शिवाय थोडा किराणा. जातिवंत लिंगायत माणूस. अंगावर डास बसला तर फुंकर मारून उडवणार. दुकानात उंदीर झाले तेव्हा पिंजरा लावला, आणि पकडलेला उंदीर स्वतः शिवारात नेऊन सोडला. तो उंदीर त्यांच्या आधी दुकानात परत आला असं आमचा न्हावी आजही शपथेवर सांगतो. अशा माणसानं येरमाळ्यात पिस्तुलाची नेमबाजी स्पर्धा काढली. एकदा गंमत म्हणून नाही, तर वर्षानुवर्षं चालवली. मी विचारलं होतं, "अप्पा, डास मारवत न्हाय तुम्हाला, आन् पिस्तूल कशाला हातात घेता?"

"आवं, म्या कागद मारतो, कागद! कागदाला काय जीव असतो व्हय?"

सुरुवात झाली ती येडेश्वरीच्या जत्रेत. अप्पांच्या पत्नी, कस्तुराबाई, त्या आधीच्या पावसाळ्यात वारल्या होत्या. एकुलती लेक हुबळीकडं दिली, ती रविवारी फोन करायची. अप्पा दुकानातून घरात, घरातून दुकानात. चैत्री जत्रेला मी त्यांना ओढूनच नेलं. म्हटलं, जरा माणसात या. तर हे देवीचं दर्शन घेऊन जे निघाले ते फुगे फोडायच्या दुकानापाशी येऊन थांबले ते थांबलेच. पाळणा नको, भेळ नको. दिवस कलला तरी हलेनात.

"वाघमारे, बघा," शेवटी म्हणाले. "समद्या जत्रंत ढकलाढकली चाललीया. इथं मातूर माणूस गप हुबा राहतो. श्वास धरतो. त्याच्या मागचे बी गप. लई चांगलं हाय हे."

मला त्यात काही चांगलं दिसलं नाही. मी चार फुगे चुकवले होते. "आडनाव वाघमारे, आन् फुगा मरंना!" असं तो दुकानदार चारचौघांत म्हणाला होता. पण अप्पांनी त्याच्याकडची बंदूक बाजूला सारली, छर्ऱ्याचं पिस्तूल उचललं, एका हातानं तोलून पाहिलं आणि विचारलं, "हे देतोस का?"

पुढच्या महिन्यात दुकानावर कापडी फलक लागला. 'भव्य पिस्तूल स्पर्धा. सर्वांस आग्रहाचे निमंत्रण.'

सगळ्यात आधी कोण यावं? पोलीस ठाण्याचे जमादार! "कसलं पिस्तूल? कुणाचं पिस्तूल?" करत तरातरा गोदामात शिरले. बघतात तर तुरीच्या पोत्यांची भिंत, तिच्यावर रंगीत फुगे, आणि पुढं न्हावी एक डोळा मिटून उभा. जमादारांनी पिस्तूल तपासायला म्हणून हातात घेतलं, आणि हातात घेतलंच आहे तर एक छर्रा मारून बघितला. फुगा राहिला, पोतं राहिलं, वरची ट्यूबलाइट फुटली. मग ते इज्जतीखातर संध्याकाळपर्यंत बसून राहिले. पहिल्या वर्षीचे स्पर्धक म्हणजे मी, न्हावी आणि जमादार. न्हावी जिंकला. वस्तरा धरणारा हात, त्याच्यापुढं आमचं काय चालणार?

त्या साली गावानं जी तूरडाळ खाल्ली तिच्यात छर्रे निघायचे. माझी उजवीकडची दाढ त्यातच गेली. तक्रार केली तर अप्पा काय म्हणाले असतील? "व्हय का? कुठला छर्रा? न्हाव्याचा असंल, त्यो खोल जायचा."

दुसऱ्या वर्षी कागदी निशाण आलं. अप्पांनी कुठूनसं चित्र मिळवलं, मध्ये काळा गोल आणि भोवती वर्तुळं, आणि ते कळंबच्या एका लग्नपत्रिका छापणाऱ्याकडं दिलं. त्यानं जन्मभर पत्रिकाच छापल्या होत्या. त्याचा हात सवयीनं चालला. गठ्ठा सोडला तर प्रत्येक कागदावर वर 'श्री गुरुबसवलिंगाय नमः' आणि खाली 'आपली उपस्थिती प्रार्थनीय'.

झाली का पंचाईत! देवाचं नाव असलेल्या कागदावर छर्रा मारणार कोण? जमादार म्हणाले, मी न्हाय. न्हावी पिस्तूल ठेवून घरी निघाला. मी तर बुद्धवंदना म्हणणारा माणूस, मला त्या देवाची भीती नव्हती, पण अप्पांच्या तोंडाकडं बघून माझाही हात उचलेना. शेवटी अप्पा कात्री घेऊन बसले आणि प्रत्येक कागदावरची देवाच्या नावाची पट्टी कापून काढली. त्या पट्ट्या फेकायच्या तरी कशा? त्या देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर गेल्या. खालचं 'आपली उपस्थिती प्रार्थनीय' मात्र तसंच ठेवलं. म्हणाले, "त्येला काय करायचं? खरंच हाय की ते."

पुढं सोलापूरचा एक खरा नेमबाज गाडीची वाट बघत फाट्यावर थांबला होता, त्यानं फलक वाचला आणि हसत हसत आत आला. त्याच्याकडं खरं स्पर्धेचं एअर पिस्तूल होतं. त्यानं अंतर आखून दिलं, नियम सांगितले, तुरीची पोती हलवून मागं जाड फळ्या लावायला सांगितलं. माझ्या उरलेल्या दाढा त्याच्यामुळं वाचल्या. त्यानंच सांगितलं की नेमबाजाचा हात कमावलेला लागतो, घरी वजन धरून हात सरळ ठेवायची सवय करावी. अप्पांनी तेव्हापासून परसात भिंतीकडं तोंड करून, तांब्या भरून, हात सरळ धरायला सुरुवात केली. स्वतः मात्र स्पर्धेत कधी एक छर्रासुद्धा मारला नाही. मी म्हणायचो, "मग हात कशाला कमावताय?" तर म्हणायचे, "पाव्हणे घरी आल्यावर यजमानाचा हात वाकडा बरा दिसंल का?"

आणि मग काय विचारता! बार्शीहून पोरं आली, लातूरहून आली, सोलापूरचा तो माणूस आपली अख्खी मंडळी घेऊन आला. ट्रॅकसूट घातलेल्या मुली, त्यांचे आईबाप, पिस्तुलाच्या काळ्या पेट्या. आमच्या स्टँडवर उतरून लोक विचारायचे, "ते पिस्तूलवाले अप्पा कुठं राहतात?" मी खिडकीतून हात करून दाखवायचो. तेव्हा छाती जरा पुढं यायची माझी, का लपवू?

सगळ्यांची उतरायची सोय अप्पांच्या घरी. तिथं नियम एकच. उंबऱ्यात पाय ठेवला की आधी पाणी. अप्पा स्वतः तांब्या घेऊन दारात उभे. पाणी प्यायल्याशिवाय नाव सांगायचं नाही, पिस्तुलाची पेटी उघडायची नाही. चहाला बंदी, चहानं हात हलतो म्हणून. समोरचा हॉटेलवाला त्या दिवसांत अप्पांचं तोंड बघत नसे. जेवायला हुग्गी, म्हणजे आमच्याकडची गव्हाची गुळातली खीर, तीही तुपात बुडालेली. "खावा! हुग्गी पोटात पडली की छाती सावकाश चालती, नेम बसतो." पोरं वाटीवर वाटी रिचवायची आणि अर्धी गोदामाच्या भिंतीला टेकून घोरायची. जागी राहिलेल्यांतून विजेता निघायचा.

"हलायचं न्हाय!" हे त्यांचं पालुपद. स्पर्धेत ठीक होतं. पण दुकानात साखर जोखतानासुद्धा तराजूचा काटा स्थिर होईपर्यंत गिऱ्हाइकाला श्वास धरायला लावायचे. एक म्हातारी पार लाल झाली होती.

बक्षीस म्हणजे घरातलं पितळेचं भांडं. घागर, परात, डबा, कधी कळशी. प्रत्येकावर नाव घातलेलं, कस्तुराबाई मन्मथअप्पा. तामलवाडीची एक पोरगी, आई शेतात कामाला जायची, ती सलग दोन वर्षं जिंकली आणि पुढं राज्याच्या स्पर्धेला गेली. तिनं घागर हातात घेऊन विचारलं होतं, "आजोबा, हे नाव कुणाचं?" अप्पा म्हणाले, "चांगलं पितळ हाय बाई, पाणी गार राहतं." आणि दुसऱ्याच कुणाला तरी वाढायला गेले.

आमच्या गावाचं नशीबच असं आहे, इथं चांगलं काही उगवलं की ते जिल्ह्याला जातं. जिल्ह्यात उगवलं की पुण्याला जातं. पुण्यातून कुठं जातं ते मला माहीत नाही, तिथवर माझी गाडी जात नाही.

नव्यानं निघालेल्या एका क्रीडा मंडळाचे सचिव मोटारीतून आले. भला माणूस होता, उगाच कशाला नावं ठेवू? गोदाम बघितलं, निशाणं बघितली, हुग्गीही खाल्ली. मग म्हणाले, "अप्पा, तुमची स्पर्धा आता मोठी झाली. गोदामात मावत नाही. धाराशिवला चांगला हॉल आहे. तिथं नेऊ या. मुलांना अधिकृत प्रमाणपत्र मिळेल, पुढं जाता येईल."

पोरांचं भलं होतंय म्हटल्यावर नाही म्हणायला तोंड कुठलं? अप्पांनी सचिवांपुढचा तांब्या पुन्हा भरला. मग म्हणाले, "न्या. पर जेवायला मातूर समद्यांना इथं धाडा."

सचिव हसले. त्यांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय. मला काही हसू आलं नाही.

पहिल्या वर्षी धाराशिवला अप्पांना मंचावर बसवलं. शाल, श्रीफळ, 'या स्पर्धेचे जनक' वगैरे. अप्पांनी टेम्पोत घालून हुग्गीचं मोठं पातेलं नेलं होतं. मी पातेलं धरून मागं बसलो होतो, माझी पँट तुपानं माखली. दारावरच्या पोरानं अदबीनं सांगितलं की बाहेरचं जेवण आत नेता येत नाही, केटररला सांगितलेलं आहे. खेळाडू तर केळं आणि कसलीशी चॉकलेटची कांडी खात होते. तामलवाडीची ती पोरगी धावत आली, अप्पांच्या पाया पडली, म्हणाली, "आजोबा, मॅच झाली की येते खायला." तिची मॅच झाली तेव्हा तिची गाडी सुटायची वेळ झाली होती. पातेलं तसंच परत आलं. येताना अप्पा सारखं झाकण दाबून बघत होते, खड्ड्यात सांडू नये म्हणून. आता सांडली काय नि न सांडली काय! मग मीही दुसऱ्या बाजूनं झाकण धरलं.

त्याच्या पुढच्या वर्षी हॉलमध्ये विजेवरची निशाणं आली. कागद बंद. अप्पांच्या माळ्यावर गठ्ठे उरले होते, ते पुड्या बांधायला निघाले. माझ्या घरी जिऱ्याची पुडी सोडली की मधोमध तो काळा गोल माझ्याकडं बघायचा, आणि खाली 'आपली उपस्थिती प्रार्थनीय'. बायको म्हणाली, दुसरीकडून जिरं आणा, मला बघवत नाही.

मग मंचावरचं बोलावणं थांबलं. कुणी मुद्दाम केलं असं नाही. नवे लोक आले, त्यांना कोण अप्पा आणि कुठलं येरमाळा?

गेल्या साली अप्पांनी हट्टानं पुन्हा फलक लावला. तोच जुना कापडी फलक, धुऊन. गोदाम झाडलं, फळ्या उभ्या केल्या, पहाटेपासून हुग्गी रटरटत ठेवली. मी स्टँडवरून रजा टाकून गेलो. जमादार आता निवृत्त, तेही काठी टेकत आले. न्हाव्याला मोतीबिंदू झाला होता, तरी नातवाच्या मोटारसायकलवर बसून आला. बाकी कुणी नाही. प्रत्येक गाडी थांबली की अप्पा तांब्या घेऊन उंबऱ्यात. गाडी निघून जायची, ते पुन्हा आत. दुपार झाली. जमादार खुर्चीत झोपले.

"चला, करू या सुरू," अप्पा म्हणाले. "हलायचं न्हाय!"

आम्ही तिघं हललोच. वयच तसं झालंय. माझा छर्रा कागदाच्या कोपऱ्याला लागला आणि तेवढ्यावर मी पहिला आलो! अप्पा बक्षीस आणायला आत गेले, ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. शेवटी आले ते रिकाम्या हातानं. म्हणाले, "वाघमारे, भांडी सरली. एकच तांब्या उरलाय. त्यो देता येत न्हाय मला."

"राहू द्या अप्पा," मी म्हणालो. "माझ्या घरी तांबे लई झालेत."

दुसऱ्या दिवसापासून ते परस सोडून फाट्यावर येऊन उभे राहायला लागले.

परवा पुन्हा एक ड्रायव्हर माझ्या खिडकीवर हात आपटून गेला. म्हटलं, बस्स झालं, आज सोक्षमोक्ष लावायचा. तरातरा फाट्यावर गेलो. अप्पा उभे होते, हात सरळ. पायाशी पाण्याची मातीची घागर.

"अप्पा, काय चालवलंय हे? स्पर्धा गेली. पोरं गेली. आता हात कशाला कमावता? आन् कमवायचाच असंल तर पूर्वीसारखा परसात भिंतीकडं तोंड करून कमवा की! रस्त्यावर कशाला तमाशा?"

त्यांनी नजर वळवली नाही. "भिंत थांबत न्हाय, वाघमारे."

"म्हंजी?"

"भिंतीम्होरं जलमभर हात धरला तरी ती 'कुठं जायचं' म्हणून इचारती का? इथं हात केला की गाडी थांबती. शिव्या देत्यात, देऊ द्या. पर आधी थांबत्यात." हात तसाच होता, आवाज मात्र खाली आला. "आमच्या घरचीनं आल्या माणसाला पाणी दिल्याबिगर कधी बोलू दिलं न्हाय. ती गेल्यावर बी म्या रोज तांब्या भरून ठिवायचो. सांजंला तसाच झाडाला वतायचो. कुणी येतच नव्हतं. मग जत्रंत ते फुगेवालं बघितलं... वाघमारे, नेमातलं मला काय कळतंय? मला उंबऱ्यात चपला पायजे हुत्या."

माझ्या डोळ्यासमोर ती स्पर्धेची सकाळ आली. उंबऱ्याबाहेर बुटांचा आणि चपलांचा ढीग, आणि त्या ढिगातून वाट काढत, तांब्या सांभाळत फिरणारे अप्पा. इतकी वर्षं मी समजत होतो, माणूस पिस्तुलाच्या नादानं खुळा झालाय.

तेवढ्यात लातूरकडून गाडी आली. अप्पांनी हात आणखी ताणला. ड्रायव्हर जुना होता. त्यानं लांबूनच हॉर्न दाबला, माझ्याकडं बघून हसला आणि वेग कमी न करता निघून गेला. सगळा फुफाटा अंगावर. तांब्यातलं पाणी गढूळ झालं. अप्पांनी ते रस्त्याकडेच्या लिंबाच्या बुडाशी ओतलं, तांब्या विसळला, घागरीतून पुन्हा काठोकाठ भरला.

"ओळखीचे आता थांबत न्हाईत," ते म्हणाले. "नवीनच थांबत्यात. ते बी एकदाच."

मी हात पुढं केला. "आणा इकडं. तहान लागलीया."

लागली नव्हती. नुकताच चहा पिऊन आलो होतो. अप्पांनी माझ्याकडं बघितलं आणि तांब्या माझ्यापुढं केला, आणि इतकी वर्षं जो हात हलला नव्हता तो हलायला लागला. पाणी माझ्या शर्टावर सांडलं, चपलेवर सांडलं. मी तांब्या त्यांच्या हातासकट धरला आणि प्यायलो. कडेला नाव होतं, बोटांनी घासून घासून पुसट झालेलं. कस्तुराबाई.

"आजून भरू?" अप्पांनी विचारलं.

स्टँडवर गाडी लागली होती, माझ्या नावानं कुणीतरी ओरडत होतं.

"भरा," मी म्हणालो.